श्टुटगार्टमध्ये मित्र होत नाहीत? आधी केर काढायला घे

"ताई-दादा कुणीही सांगा" असं लिहिलंयस म्हणून ताई म्हणून उत्तर देते आणि सरळ तू म्हणते, राग मानू नकोस. जरा लांबणार आहे, चहा घेऊन बस.

बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात. हा मुलगा सांगलीचा, ऑक्टोबरात श्टुटगार्टला मास्टर्सला आलाय, फाइहिंगनच्या हॉस्टेलवर तीन जर्मन मुलांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहतो. ते तिघं "हालो" म्हणतात आणि आपापल्या खोलीत जाऊन दार लावून घेतात. त्यामुळे सगळा वेळ आपल्याच पाच-सहा पोरांत जातो आणि त्यांच्यातही मधूनच एकटं वाटतं. आई रोज व्हिडिओ कॉलवर जेवलास का विचारते, हा हो म्हणतो. त्याचं म्हणणं, जर्मन मित्र करायचे कसे, माझ्यातच काही कमी आहे का, आणि सरळ परत जाऊ का.

मी २००८ ला याच शहरात शिकायला आले, मग काही काळ हॉस्टेलची ट्यूटर, म्हणजे नव्या मुलांना मदत करणारी, होते, आणि आता बरीच वर्षं इथल्याच एका कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात नोकरी करते. नोव्हेंबर संपत आला की माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत तुझाच प्रश्न येऊन बसतो, कधी तो नागपूरचा असतो, कधी तेहरानचा, कधी हनोईचा. त्यामुळे 'माझ्यातच काही कमी आहे का' हे आधी खोडून टाक. कमी असलीच तर ती सगळ्यांत सारखी आहे.

आता मला काय वाटतं ते सांगते. तुझा प्रश्न जर्मन मित्रांचा नाहीच मुळात, तुझा प्रश्न संध्याकाळी सहा ते दहा काय करायचं हा आहे. बघ, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथलं घड्याळ एक तास मागे गेलं, म्हणजे साडेतीन तासांचं अंतर साडेचार झालं. साडेचारला इथे अंधार पडतो, तू सहाला लेक्चर संपवून खोलीवर येतोस तेव्हा सांगलीत साडेदहा वाजलेत, आई झोपायला निघाली, मित्र सगळे ऑफलाइन. मग उरतात फक्त ती बंद दारं आणि मोबाइल. दिवसा तुला एवढं वाटत नसणार, मी पैज लावते. म्हणून 'मित्र' एवढा मोठा शब्द आत्ता बाजूला ठेव, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी भरायच्या एवढंच बघ.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तू लिहिलेल्या नाहीस. तुझा कोर्स इंग्लिशमध्ये आहे का? असेल तर वर्गात जर्मन पोरं आहेतच किती, मोजून बघ. इथल्या इंग्लिश मास्टर्सना भारत, चीन, इराण, तुर्कस्तान इथलीच मुलं भरपूर असतात, तिथे जर्मन मित्र न होणं हा तुझ्या स्वभावाचा दोष नाही, वर्गात जर्मनच नाहीत. दुसरं म्हणजे तुझा फ्लॅट कसला आहे. जर्मनमध्ये एकत्र राहायच्या फ्लॅटला वेगे म्हणतात आणि त्यातही दोन जाती, एक जिथे लोक एकमेकांना निवडून राहायला घेतात, एकत्र जेवतात, आणि दुसरी त्स्वेक-वेगे, म्हणजे केवळ भाडं परवडावं म्हणून केलेली सोय. हॉस्टेलचा फ्लॅट बहुतेक वेळा दुसऱ्या जातीचा, कारण तुला आणि त्या तिघांना ऑफिसने एकत्र टाकलंय. त्या तिघांचंही आपसात फार काही नसणार, नीट बघ. आणि तिसरं, पैसे, त्यावर खाली लिहिते कारण त्याबद्दल कुणीच बोलत नाही.

बंद दाराबद्दल आधी बोलू. आपल्याकडे घरात दिवसा खोलीचं दार लावलं की आई विचारते काय झालं, कुणाशी भांडलास. इथे दार लावणं म्हणजे पंखा लावण्याइतकं साधं आहे, थंडी आत येऊ नये, आवाज जाऊ नये, संपलं. टकटक केलं तर उघडतात, आणि गंमत म्हणजे तूही आत बसलेला असतोस तेव्हा तुझं दार बंदच असतं, नाही का? त्यात हा श्वाबेन लोकांचा मुलूख. इथली एक म्हण आहे, "नेट ग्शिम्फ्ट इश ग्नुग ग्लोब्ट", म्हणजे रागावलो नाही ना, मग तेवढं कौतुक पुष्कळ झालं. ही म्हण कळायला मला वर्ष लागलं आणि कळली ती एका झाडूमुळे, ते सांगतेच.

२००९ मध्ये मी हॉस्टेल सोडून शहराच्या पश्चिम भागात एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर खोली घेतली. एक दिवस बघते तर दाराच्या मुठीला लाकडी पाटी अडकवलेली, 'केरवोख'. मला वाटलं जाहिरात असेल, काढून कोपऱ्यात ठेवून दिली. शनिवारी पहिल्या मजल्यावरच्या आजी जिने चढून वर आल्या, सत्तरीच्या पुढच्या, हातात झाडू, आणि दहा मिनिटं मला काहीतरी सुनावलं, त्यातले दोन शब्द कळले असतील. मग त्यांनी स्वतः पहिली पायरी झाडून दाखवली आणि झाडू माझ्या हातात दिला. केरवोख म्हणजे केर काढायचा आठवडा, नावातच आपला केर आहे, निव्वळ योगायोग पण मी तो तेव्हापासून विसरले नाही. पाटी ज्याच्या दाराला त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा पुसायचा, काही ठिकाणी बाहेरचा फुटपाथ आणि बर्फसुद्धा, आणि झालं की पाटी शेजारच्याच्या दाराला अडकवायची. पंधराव्या शतकाच्या शेवटाकडची प्रथा आहे म्हणे, बाकीचा जर्मनी यावरून श्वाबेन लोकांची टर उडवतो.

तर माझी पाळी आली की त्या आजी दार किलकिलं करून बघायच्या, कोपरा राहिला, कठडा राहिला, पाणी जास्त झालं. मला दर वेळी रडू यायचं. चौथ्या वेळेला त्या आल्या, बघितलं, काहीच न बोलता आत गेल्या, आणि मी म्हटलं आता तर बोलायचंही बंद केलं हिने. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी एक बरणी. ग्सेल्ट्स, म्हणजे इथल्या बोलीत घरचा जॅम, लाल करवंदासारख्या आंबट फळांचा. तेव्हा ती म्हण समजली. नंतर मी त्यांच्याकडे आमटीचं पातेलं घेऊन जायला लागले, त्यांची नात यायची सुट्टीत, तिने मला एकदा तिच्या गाण्याच्या ग्रुपमध्ये नेलं, आणि आज पंधरा वर्षांनी माझी सगळ्यात जवळची मैत्रीण तीच आहे. मी मैत्री करायला गेलेच नव्हते, मी जिना पुसत होते.

हे मी नुसती गोष्ट म्हणून सांगत नाहीये, ऑफिसात समोर बसलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगत आले. इथे कंपनी मागितलीस तर लोक गोंधळतात, काम मागितलंस तर लगेच जागा करून देतात. आपल्याकडे गणपतीत मंडप घालताना ओळखी होतात ना, कुणी येऊन 'माझ्याशी मैत्री कर' म्हणत नाही, 'ती दोरी धर' म्हणतात, तसंच. फरक एवढाच की आपल्याकडे मंडपाशी जाऊन नुसतं उभं राहिलं तरी कुणीतरी दोरी हातात देतं, इथे तुझं नाव आधी यादीत लागतं.

मग नाव कुठे लावायचं. सगळ्यात जवळची यादी तुझ्या किचनच्या दारावर आहे, पुट्सप्लान, कोण कधी साफ करणार त्याची. बहुतेक ठिकाणी ती लावलेली असते आणि पाळली जात नाही. तू पाळ, आणि एक दिवस सांग की रविवारी मी सगळ्यांसाठी भात-आमटी करतोय, सात वाजता, कोण आहे. वेळ आणि वार सांगायचा हे महत्त्वाचं, 'कधीतरी एकत्र जेवू' याला इथे काही अर्थ नाही, ते लोक खरंच कॅलेंडर काढतात आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख देतात, त्याचा अपमान वाटून घ्यायचा नाही, कॅलेंडरमध्ये नाव गेलं म्हणजे ती माणसं येणार. दोघंच आले तरी चालेल. फोडणी देताना किचनची खिडकी उघड पण पॅसेजचं दार उघडू नकोस, धूर पॅसेजमध्ये गेला की तिथला अलार्म वाजतो, अख्खं हॉस्टेल रात्री चपला घालून अंगणात, आणि अशी ओळख होणं मला अपेक्षित नाही. रात्री दहानंतर मिक्सरही नको, चटणी आधी करून ठेव.

दुसरं, होखशूलश्पोर्ट, म्हणजे युनिव्हर्सिटीचे खेळाचे वर्ग. अगदी स्वस्त असतात, बॅडमिंटनपासून गिर्यारोहणापर्यंत, आणि संध्याकाळीच असतात, तुझ्या त्या सहा ते दहामध्ये. लोकप्रिय वर्ग बुकिंग उघडल्यावर पटापट भरतात, आत्ता मधूनच कुठे जागा मिळते का बघ, नाहीतर पुढच्या सेमिस्टरला गजर लावून बस. आणि जे येतं ते नको घेऊस, जे येत नाही ते घे. क्रिकेटला गेलास की परत आपलीच पोरं. न येणाऱ्या खेळात कुणीतरी तुला शिकवतं, पकडतं, हसतं, बोलायला विषय आयता मिळतो.

तिसरं, तुझ्या डिपार्टमेंटची फाखशाफ्ट, विद्यार्थ्यांची कमिटी. जुने पेपर बऱ्याचदा त्यांच्याकडेच मिळतात, त्यासाठी तरी जाच, आणि गेलास की विचार, कार्यक्रमाला बाकं उचलायला माणूस हवाय का. कायम हवा असतो. बाहेर शहरात फेराइन आहेत, नोंदणी केलेले क्लब, गाण्याचे, बागेचे, बुद्धिबळाचे, या देशात फेराइन नाही अशी गोष्ट शोधून सापडायची नाही.

भाषेची अदलाबदल करायचे ते टँडेम पार्टनर, त्यांच्याबद्दल सगळे सांगतात, माझं मत जरा वेगळं आहे. दोन कॉफ्या होतात, तिसऱ्या वेळी कुणालातरी परीक्षा असते आणि संपतं, कारण दोघांच्या मधे काम काहीच नसतं. करायचंच तर काहीतरी करत करा, तू त्याला पोळ्या शिकव, तो तुला श्पेट्स्ल, म्हणजे इथल्या अंड्याच्या शेवया. (श्पेट्स्लवरून आठवलं, शाकाहारी असशील तर माउलताशन विचारल्याशिवाय खाऊ नकोस, वरून करंज्यांसारखे दिसतात पण आत खिमा असतो, साधूंनी उपवासात देवाला दिसू नये म्हणून मांस पिठात लपवलं अशी त्याची कथा सांगतात.)

जर्मन येत नाही हे कारण पुढे करशील म्हणून सांगते, मोडकंतोडकं बोल पण सुरुवात जर्मनमध्ये कर. दुकानात शिरताना 'ग्र्युस गॉट', निघताना 'आडे', एवढ्यावरसुद्धा चेहरा बदलतो लोकांचा. पुढे पुढे तुला एक धक्का बसेल, क्लासमध्ये शिकलेलं जर्मन बसमध्ये ऐकू येणारच नाही, कारण इथे श्वाबिश बोली चालते. घाबरू नकोस, हॅम्बुर्गच्या माणसालाही ती नीट कळत नाही. या राज्याने, म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बर्गने, १९९९ पासून २०२१ पर्यंत स्वतःची जाहिरातच अशी केली की आम्हाला सगळं येतं, प्रमाण जर्मन सोडून. क्लाससाठी रोटेब्यूलप्लाट्सवर फोल्क्सहोखशूल, म्हणजे सगळ्यांसाठी खुले वर्ग घेणारी संस्था, आहे, युनिव्हर्सिटीचे भाषेचे वर्ग मिळाले तर आधी ते घे. आणि खोलीत बसवत नसेल तेव्हा मायलँडर प्लाट्सवरची शहराची लायब्ररी, तो चौकोनी ठोकळा, २०११ चा, आतून जिनेच जिने. तिथे एकटं बसलं तरी एकटं वाटत नाही, मी अजूनही जाते.

आता पैसे. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवतो त्या ब्लॉक्ड अकाउंटमधून सध्या महिन्याला ९९२ युरो सुटतात, त्यातून भाडं, विमा, खाणं, आणि या राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो फी वेगळीच. डोक्यावर लोनचा हप्ता. मग तीन पोरं म्हणतात चल बाहेर जेवायला आणि आपण म्हणतो अभ्यास आहे. चार वेळा अभ्यास आहे म्हटलं की पाचव्यांदा ते विचारत नाहीत, आणि आपण म्हणतो बघा, बोलवत पण नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या निदान अर्ध्या पोरांचं खरं दुखणं हे असतं आणि ते तिसऱ्या भेटीत बाहेर येतं. अरे सरळ सांग, या महिन्यात पैसे नाहीत, माझ्याकडे करू. श्वाबेन लोक काटकसरीसाठी सगळ्या जर्मनीत प्रसिद्ध आहेत, त्यांना हे वाक्य मनापासून पटतं! बिल प्रत्येकाचं वेगळंच येतं, कुणी कुणाचं भरत नाही, त्यामुळे उपकाराचा प्रश्नही नाही.

आग्रहाचं पण सांगून टाकते. कुणी केक घेणार का विचारलं तर पहिल्याच वेळी हो म्हण. आपण संकोचाने नको म्हणतो आणि दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत बसतो, इथे दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही, नको म्हणजे नको, तो बिचारा मान राखतोय. वाढदिवसाला केक ज्याचा वाढदिवस तोच आणतो, आणि आदल्या दिवशी शुभेच्छा द्यायच्या नाहीत, अपशकुन मानतात. मी ऑफिसातल्या एकीला दिल्या होत्या, सगळं टेबल गप्प.

आपल्या पोरांचं काय? सोडू नकोस त्यांना, अजिबात. काही लोक सांगतात भारतीयांपासून लांब राहा तरच जर्मन येईल, मला हा सल्ला कोता वाटतो. ताप आल्यावर रात्री बारा वाजता मऊभात घेऊन कोण येणार आहे? पण किचनमध्ये चौथा माणूस मराठी न समजणारा असेल तर भाषा बदला, हा नियम ग्रुपमध्ये तूच घाल. आणि त्यांच्यातही एकटं वाटतं म्हणतोस ते मला समजतं, कारण सहाही जणांच्या गप्पा एकच, कुणाला पार्ट टाइम जॉब लागला, कुणाचे किती क्रेडिट, कोण कुणाचे पैसे देणं लागतो. तिथेही काम शोध. मराठी मंडळाचा कार्यक्रम असेल तर प्रेक्षकात बसू नकोस, पातेली घासायला जा, तिथे वीस वर्षं राहिलेली माणसं भेटतील आणि त्यांच्याकडे जॉबची खरी माहिती असते.

ख्रिसमसचं आत्ताच ठरव, हे मी दर वर्षी ओरडून सांगते. २१-२२ डिसेंबरपासून तुझा फ्लॅट रिकामा होईल, तिघंही आपापल्या घरी. २४ तारखेला दुपारीच दुकानं बंद, २५ आणि २६ सुट्टी, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. माझ्याकडे जानेवारीत येणाऱ्या सगळ्यात वाईट केसेस या तीन दिवसांच्या असतात. दूध-भाजी आधी आण, २४ च्या संध्याकाळी कुणाकडे आहेस ते आजच ठरव, आपली पोरं तर आपली पोरं. बऱ्याच शहरांत चर्चशी जोडलेली विद्यार्थी मंडळं परदेशी मुलांना जेवायला बोलावतात, धर्म विचारत नाहीत, चौकशी कर. फ्लॅटमधल्या मुलांपैकी कुणी घरी बोलावलं तर हो म्हण, पहिल्याच वेळी, वर सांगितलंय.

परत जाऊ का, याचं उत्तर मी देणार नाही, पण एवढं म्हणेन की डिसेंबर ते फेब्रुवारी हा निर्णय घेऊ नये. परीक्षा होऊ दे, एप्रिलमध्ये उजेड असताना ठरव. मात्र झोप लागत नसेल, दोन-दोन दिवस अंथरुणातून उठवत नसेल, लेक्चर बुडायला लागली असतील, तर एप्रिलची वाट बघायची नाही. स्टुडिरेंडेनवेर्क, म्हणजे विद्यार्थ्यांची हॉस्टेलं-कँटीन चालवणारी संस्था, तिच्याकडे मानसिक त्रासासाठी समुपदेशकांचा सल्ला मोफत मिळतो, इंग्लिशमध्ये बोलता येईल का ते विचारून घे, युनिव्हर्सिटीला किंवा घरी काही कळवत नाहीत. डॉक्टरकडे जाण्यात जसं काही नाही तसं यातही नाही.

आणि आईचं. संध्याकाळी फोन करायला जाशील तर ती पेंगुळलेली असते आणि तू थकलेला, मग जेवलास का च्या पुढे गाडी जात नाही. तुझी मेन्सात, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये, जेवायची दीडची वेळ म्हणजे सांगलीत संध्याकाळचे सहा, तेव्हा कर, ताट दाखव, म्हणजे तो प्रश्नच मिटला. मग बोलायला दुसरं काहीतरी लागेल तुम्हाला दोघांना.

पुढच्या सप्टेंबर-ऑक्टोबरला असशील इथे तर बेझनला जाऊ सगळे. या शहरात डोंगरउतारावर द्राक्षमळे आहेत, मळेवाले वर्षातून फार तर चार महिने घरचीच वाइन आणि साधं जेवण विकतात, आणि चालू आहे हे कळावं म्हणून दाराबाहेर झाडू टांगतात. हो, परत झाडूच. जागा कमी, अनोळखी लोकांच्या टेबलावर दाटीवाटीने बसावं लागतं, पिणारा नसलास तर द्राक्षाचा रस असतो.

तोवर एक काम कर, किचनच्या दारावर या आठवड्यात कुणाचं नाव आहे ते बघून इथेच खाली लिही.